शिर्का आणि रक्तशर्करा

फळांच्या वा उसाच्या रसातील शर्करेचे प्रथम अल्कोहॉलात व नंतर सूक्ष्मजंतूंमुळे ॲसिटिक अम्लात रूपांतर होऊन शिर्का (व्हिनेगर) तयार होतो. हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत मध व शिर्का यांचे मिश्रण सांगितले आहे. पण ते मुख्यतः कफ सुटावा म्हणून. मधुमेहाशी शिर्क्याचा संबंध बराच नंतरचा आहे. १९२१ मध्ये टोराँटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलीन मिळविले. तोपर्यंत कडक पथ्य आणि घरगुती उपाय यांवरच रोग्यांची भिस्त असे. त्या उपायांत शिर्का घातलेला चहाही होता. इन्शुलीन आल्यावर हा उपाय मागे पडला.

१९८८ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना पिष्टाबरोबर ॲसिटिक अम्ल दिले, तेव्हा रक्तातील ग्लुकोजाची वाढ मंदावलेली आढळली. १९९५ मधील इटालियन प्रयोग अधिक उद्‌बोधक आहे. निरोगी व्यक्तींना पांढऱ्या पावाबरोबर कोशिंबीर देण्यात आली. तीत शिर्का असताना भोजनोत्तर ग्लुकोजाची वाढ सु. ३१ टक्क्यांनी घटली; परंतु तोच शिर्का खाण्याच्या सोड्याने उदासीन (अम्लता नाहीशी) करून घातला, तेव्हा परिणाम दिसला नाही. म्हणजे गुण आंबटपणाचा होता. मात्र जठरातील अन्न पुढे सरकण्याच्या वेगात या प्रयोगात फरक आढळला नाही, तर १९९८ मध्ये स्वीडनमध्ये नेमका तोच वेग मंदावल्याचे सूचित झाले. हा मतभेद पुरता मिटलेला नाही.

ॲरिझोना राज्य विद्यापीठातील कॅरल जॉन्स्टन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये भोजनापूर्वी २० ग्रॅ. सफरचंदाचा शिर्का देऊन पाहिले. इन्शुलीन-रोध असलेल्यांत भोजनोत्तर इन्शुलीन-संवेदनशीलता ३४ टक्क्यांनी वाढली. प्रत्यक्ष मधुमेहींत फरक कमी व अनिश्चित होता. प्रयोगात एकूण २९ व्यक्तीच होत्या, हे प्रसिद्धीच्या भरात बहुधा विसरले गेले.

ज्यांच्या शरीरात इन्शुलीन तयारच होत नाही, त्यांच्या बाबतीत शिर्का इन्शुलिनाची जागा घेऊ शकत नाही. त्यांच्यापैकी काहींचे जठर आधीच मंद असते. २००७ मधील एका स्वीडिश अभ्यासात अशा रोग्यांचे जठर शिर्क्यामुळे आणखी मंदावले. अंतःक्षेपण (इंजेक्शन) घेतल्यावर अन्न वेळेवर आतड्यात न पोहोचल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वजन घटविण्याबाबतचे दावेही जपून घ्यावे लागतात; २०२४ मध्ये गाजलेला लेबाननमधील यासंबंधीचा एक शोधनिबंध नियतकालिकाने २०२५ मध्ये मागे घेतला.