पूर्णांकी भागाकार, संगणकीय

दोन पूर्णांकांच्या भागाकारातील अपूर्णांकी भाग वगळून केवळ पूर्णांक स्वीकारणे, या क्रियेस पूर्णांकी भागाकार म्हणतात. सात फळे दोघांत वाटता प्रत्येकी तीन येतात व एक उरते, हा व्यवहारातील हिशेब याच स्वरूपाचा होय. संगणकात मात्र बाकी वेगळी मागावी लागते; न मागितल्यास ती सूचनेविना गळते. गणिती आज्ञावल्यांतील अनेक चुकांचे हे कारण ठरले आहे.

या प्रश्नाचा उगम फोर्ट्रान भाषेपर्यंत मागे नेता येतो. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीत तयार झालेली ही भाषा १९५७ मध्ये उपलब्ध झाली. तीत पूर्णांक व दशांशयुक्त संख्या असे दोन प्रकार होते, परंतु भागाकाराचे चिन्ह एकच होते. त्यामुळे दोन्ही संख्या पूर्णांक असल्यास १/२ चे उत्तर ० येई. अल्गॉल ६० मध्ये दोन क्रियांना दोन चिन्हे देण्यात आली, तर निकलाउस व्हिर्ट यांच्या पास्कल भाषेत (१९७०) पूर्णांकी भागाकारासाठी ‘डिव्ह’ हा वेगळा शब्द योजला गेला. सी भाषेने मात्र एकाच चिन्हाची पद्धत चालू ठेवली. तीत फॅरनहाइट तापमानाचे सेल्सियसमध्ये रूपांतर करताना ५/९ असे लिहिल्यास त्याचे मूल्य ० होते आणि सर्व तापमाने शून्य येतात. या भाषेवरील कर्निहॅन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथातच हा इशारा दिलेला आहे.

ऋण संख्यांबाबत संकेतच भिन्न आहेत. −७ ला २ ने भागता शून्याकडे छाटल्यास भागाकार −३ व बाकी −१ येते; खालच्या पूर्णांकाकडे गेल्यास भागाकार −४ व बाकी १ येते. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणाने ही निवड भाषांतरकावर सोपविली होती. १९९९ च्या प्रमाणाने पहिला संकेत निश्चित केला. म्हणून ‘२ ने भागता बाकी १ उरते काय’ ही विषम संख्येची कसोटी तेथे −७ ला लागू पडत नाही.

अपूर्णांक छाटण्याचे परिणाम किती साचतात, हे कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराच्या निर्देशांकावरून दिसून आले. १९८२ च्या आरंभी १,००० वर सुरू झालेल्या या निर्देशांकाचे मूल्य दर वेळी तीन दशांश स्थळांपुढे छाटले जाई. नोव्हेंबर १९८३ मध्ये ते ५२४.८११ झाले होते. फेरगणनेनंतर ते १,०९८.८९२ ठरले. येथे भागाकार पूर्णांकी नसला, तरी दोष त्याच जातीचा होता.

पायथन भाषेत चिन्हे वेगळी करण्याचा निर्णय २००१ मध्ये झाला. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तीत एका तिरप्या रेघेने दशांशयुक्त उत्तर मिळते व दोन रेघांनी खालचा पूर्णांक. सी व जावा या भाषांत जुनाच संकेत कायम असल्याने तेथे संख्यांचा प्रकार तपासण्याची जबाबदारी आज्ञावलीकारावरच राहते.