खाणावळीचा डबा आणि साखर

"मधुमेह आहे ना, मग बाहेरचं खायचं नाही!" हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ठीक. पण ज्यांच्या घरी चूलच नव्हती, त्यांनी काय करायचं?

मुंबईचं गिरणगाव आठवा. कोकणातून, घाटावरून माणसं एकटी यायची, बायकामुलं गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचे. जेवण खाणावळीत. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे, शेजारच्या चाळीतली एखादी बाई दहा-वीस जणांचा स्वयंपाक करायची. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर आणि वर सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आमच्या पाठ्यपुस्तकांत गिरण्यांचे मालक असत, या बायका कधी दिसल्या नाहीत. असो.

माझे वडील १९६०च्या सुमारास परळला असेच एकटे राहायचे. त्यांना साखर होती. त्यांच्या जन्माआधी हा रोग झाला असता तर उपाय एकच, उपासमार! अमेरिकेतले डॉ. ॲलन रोग्याला अक्षरशः उपाशी ठेवून काही काळ जगवत. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं आणि मधुमेही माणूस पोटभर नाही तरी बेताने जेवू लागला.

पण इन्शुलिन घेतलं की अर्ध्या तासात जेवण समोर पाहिजे. वडील काचेची सिरिंज उकळून सुई टोचून घेत आणि दाराकडे बघत बसत. डबा उशिरा आला की घाम, थरथर. म्हणून खाणावळवाल्या मावशी त्यांचा डबा सगळ्यांच्या आधी पाठवायच्या. आमटी गुळाआधी काढलेली, भात मुठीएवढा, भाजी जास्त. सुट्टीत आम्ही मुंबईला गेलो की सकाळी एक प्रयोग बघायला मिळे. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर छान. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी... जसा रंग उतरे तशी साखर जास्त. रंग विटकरी आला की वडील खाली जाऊन विचारत, "मावशी, काल कशात काय होतं?" आणि मावशी आठवून सांगायच्या! रंग कळायचा तो मागच्या काही तासांचा, आत्ताचा नव्हे. पण विचारायला माणूस होतं.

१९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खाणावळींची गिऱ्हाइकं गावी परतली. बायकांचं कसब मात्र पोळीभाजी केंद्रांत दिसतं. पत्नी गेल्यापासून मीही तिथलाच. आता मलाही साखर आहे (वारसा!). घरी यंत्र आहे, बोटाला टोचलं की काही सेकंदांत आकडा. वडिलांना हे दाखवायला हवं होतं. फक्त त्या आकड्याला "काल कशात काय होतं" हे विचारता येत नाही.

म्हणून मी काउंटरवरच विचारतो. भाजीत साखर घालता का? आमटीत गूळ? पहिल्यांदा त्या मुलीने 'आले मास्तर' अशा नजरेने पाहिलं, आता आपणहून सांगते. हॉटेलच्या पार्सलमधला काजूचा दाट रस्सा मी निम्मा काढून ठेवतो. गोळी जेवणाआधीची असल्याने पार्सल हातात आल्याशिवाय ती घेत नाही. (अवांतर: ज्वारीत साखर नसते असं समजून चार भाकऱ्या हाणणारे मित्र आहेत माझे. तेही पीठच आहे हो!)

केंद्रात भाकरी मंगळवारी आणि शुक्रवारीच असते. त्या दिवशी दोन आणतो, एक रात्री, एक दुसऱ्या दिवशी सकाळी ताकाबरोबर.