ते इनाम

"बापूले ते इनाम काऊन नाही देल्लं रे?"

नोबेलची बातमी पेपरात आली की आबाजी चष्मा कपाळावर सरकवून हे विचारायचेच. तरुणपणी ते वर्ध्याहून सायकलनं सेगावला जात. १९४० मध्ये त्याचं नाव सेवाग्राम झालं, पण आबाजींच्या तोंडी शेवटपर्यंत सेगावच. पावसाळ्यात काळा चिखल चाकात असा गच्च बसायचा की सायकलच खांद्यावर घ्यावी लागे. त्या चिखलात राहणाऱ्या बापूंचं, म्हणजे गांधीजींचं, नाव १९३७ साली नॉर्वेच्या संसदेतल्या ओले कोल्बियोर्नसन यांनी शांतता पारितोषिकासाठी सुचवलं होतं. समितीचे अध्यक्ष होते फ्रेडरिक स्टांग. आबाजींचा राग मनात घेऊनच मी या स्टांग यांच्याबद्दल वाचायला बसलो.

जन्म १८६७चा. आजोबा पंतप्रधान, वडीलही पंतप्रधान. हे मात्र कायदा शिकवायला गेले. १९१२ मध्ये ब्रात्ली यांच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाले, पण ते मंत्रिमंडळ वर्षभरही टिकलं नाही. पुढं विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, आणि १९२२ पासून नोबेल समितीचे अध्यक्ष.

मग १९३६चा नोव्हेंबर आला आणि माझा राग अडखळला. जर्मनीची चोरटी शस्त्रसज्जता छापली म्हणून तुरुंगात गेलेला, नंतर नाझींच्या छळछावणीत क्षयानं पोखरलेला पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की. त्याला आदल्या वर्षीचं राखून ठेवलेलं पारितोषिक जाहीर झालं. परराष्ट्रमंत्री कूट आणि माजी पंतप्रधान मोविंकेल हे दोघे सदस्य निर्णयातून आधीच बाजूला झाले होते. नॉर्वेचा राजा समारंभाला आला नाही. ओसिएत्स्कीला जर्मनीनं येऊ दिलं नाही. अशा सभेत उभं राहून अध्यक्षीय भाषण केलं ते स्टांग यांनी. हिटलरनं चिडून जर्मनांना नोबेल घ्यायलाच बंदी घातली. छोट्या देशातल्या सत्तरीला टेकलेल्या प्राध्यापकाचं हे धैर्य मला फार मोठं वाटतं.

त्याच समितीपुढं पुढच्या वर्षी बापू आले. सल्लागार याकोब वोर्म-म्युलर यांचा अहवाल आदरानं सुरू होतो आणि मग शंकांकडं वळतो: कधी हा ख्रिस्तासारखा दिसतो, तर कधी एकदम साधा राजकारणी, आफ्रिकेतला लढाही फक्त हिंदी लोकांपुरताच. शेवटची शंका मला आजही बोचते, कारण ती पूर्ण खोटी नाही. पारितोषिक ब्रिटनच्या रॉबर्ट सेसिल यांना गेलं. १९३८ आणि १९३९ मध्येही बापूंचं नाव सुचवलं गेलं. १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या. स्टांग पुढच्याच वर्षी गेले, देश पारतंत्र्यात असताना.

हे सगळं मी आबाजींना सांगितलं तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. ओसिएत्स्कीचं नाव त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं. "जेलातल्या माणसाले देल्लं म्हन्तं? मंग चांगलं केलं त्यानं." थोडा वेळ गप्प राहिले. मग परचुरे शास्त्रींची गोष्ट काढली, आम्हाला पाठ झालेली. कुष्ठरोगानं झडलेले संस्कृत पंडित, अंगणातली बाज आणि शेजारी बसून त्यांच्या पायांना स्वतःच्या हातांनी तेल चोळणारे बापू.

"मी पायलं नं डोळ्यानं," म्हणत आबाजींनी पांघरुणाबाहेर हात काढला आणि अंगठ्यानं माझ्या तळहातावर दाबून दाखवलं, किती हळू चोळायचे ते.