चौपाटीवरचे विमान

गिरगाव चौपाटीवरून १८९५ साली एका मराठी माणसाने विमान उडविले, आणि तेही राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, ही गोष्ट आपण सारे ऐकत आलो आहोत. विमानात माणूस नव्हता, ते पंधराशे फूट चढले आणि खाली आले, असा तपशीलही सांगणारे देतात. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज यांना प्रेक्षकांत उभे करण्यासही ते विसरत नाहीत. २०१५ साली या कथेवर 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट निघाला. 'केसरी'चा हवाला देणारे त्या अंकाची तारीख मात्र देत नाहीत.

शिवकर बापूजी तळपदे हा माणूस खरा. १८६४ साली पाठारे प्रभू ज्ञातीत त्यांचा जन्म झाला आणि सर ज. जी. कलाशाळेत ते शिकले. तेथील शिक्षक चिरंजीलाल वर्मा यांच्यामुळे त्यांना स्वामी दयानंदांच्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिके'ची ओळख झाली. त्या ग्रंथात नौका आणि विमाने यांच्या विद्येचे एक प्रकरण आहे. त्यानेच त्यांना झपाटले. आर्य समाजाची स्थापना १८७५ साली झाली ती याच गिरगावात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ध्यासात नवल वाटत नाही.

कथेचा दुसरा आधार म्हणजे 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ. पण सुब्बराय शास्त्री यांनी तो सांगून लिहवून घेतला १९१८ नंतर! १८९५ च्या विमानाला त्याचा आधार कसा मिळावा? १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी तो तपासला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातील एकही विमान उडण्याजोगे नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. त्याच लेखात तळपद्यांचाही उल्लेख आहे: शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काही नमुने केले, पण ते उडाले नाहीत.

गिरगावकरांना हे रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. परंतु न उडणे ही त्या काळी लाज नव्हती. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने आपल्या पंखांची मापे, वाऱ्याचे आकडे छापून ठेवले होते. १८९६ च्या ऑगस्टात तो कोसळून मेला, आणि ते आकडे राइट बंधूंच्या हाती गेले. काही आकडे जुळेनात, म्हणून त्यांनी १९०१ साली वाऱ्याची पेटी करून स्वतः नवे काढले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे सर्वांत लांबचे उड्डाण ५९ सेकंदांचे झाले, आणि पुढे वाऱ्याने यंत्र उलथून मोडले, हेही त्यांनी लिहून ठेवले. आजची विमाने सुरक्षित झाली ती अशाच नोंदींवर. अपघातानंतर शोधतात तो 'ब्लॅक बॉक्स' म्हणजे नोंदवहीच.

तळपद्यांचे नमुने याच ओळीत बसले असते. पण त्यांचे वजन किती, पंख केवढे, कशामुळे ते उचलले गेले नाहीत, यातले काही आपल्या हाती आलेले नाही. आपण त्यांच्यासाठी पंधराशे फुटांची उंची शोधली, आणि चुकलेल्या नमुन्यांवर काम करणारा तो माणूस त्या उंचीखाली दिसेनासा झाला.