पडद्यामागचा गळा

दिवाळीच्या सुटीत घरातली मुले कार्टून लावून बसली, की मीही हळूच त्यांच्या मागे जाऊन बसतो. मुलांना ससा दिसतो, बदक दिसते. मला मात्र त्या दोघांच्या तोंडून बोलणारा एकच माणूस आठवत राहतो. त्याचे नाव मेल ब्लँक.

1908 साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा गृहस्थ मूळचा नभोवाणीवरचा नट. पुढे तो वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनांत शिरला आणि पाहता पाहता बग्ज बनी हा ससा, डॅफी हे बदक, ट्वीटी हा पिवळा पक्षी आणि त्याच्यावर टपलेला सिल्व्हेस्टर बोका असा सारा गोतावळा एकाच गळ्यातून बोलू लागला. चित्रे आधी होतात आणि आवाज मागाहून भरतात, असा पुष्कळांचा समज असतो. तिथे प्रकार उलटा होता. संवाद आधी मुद्रित होत आणि त्यांच्या मापाने ओठांची हालचाल रेखाटली जाई. म्हणजे ससा चित्रकाराला प्रथम भेटे तो कानांनी!

तरीही आवाजाच्या धन्याचे नाव पडद्यावर नसे. ब्लँकने सांगितलेली हकिकत अशी, की पगारवाढ नाकारली गेली, तेव्हा त्याने निदान नाव तरी द्या म्हणून हट्ट धरला. 1940 नंतरच्या दशकात ते झळकू लागले. पण ते त्याच्या एकट्याचेच. शिकारी एल्मर फडला बोलके करणारा आर्थर क्यू. ब्रायन वर्षानुवर्षे बिननावाचाच राहिला. 1955 पासून ट्वीटीच्या आजीला आवाज देणाऱ्या जून फोरेचीही बराच काळ तीच गत झाली. एकाला न्याय मिळाला, तो इतरांना अंधारात ठेवून.

24 जानेवारी 1961 रोजी लॉस एंजेलिसच्या एका अवघड वळणावर ब्लँकच्या मोटारीला भीषण अपघात झाला. तो कित्येक दिवस बेशुद्ध होता. हाका मारून सारे थकले. अखेर एका डॉक्टरने त्याला बग्ज बनी म्हणून साद घातली, आणि उत्तर आले ते सशाच्या आवाजात, असे सांगतात. पुढे अंथरुणावर उताणे पडूनच त्याने ध्वनिमुद्रणे केली. 1989 साली तो गेला.

फोरेबाईंनी मात्र आपल्यावरच्या अन्यायाचे रडगाणे गायिले नाही. कार्टूनच्या कलावंतांचा गौरव व्हावा, म्हणून 1972 साली सुरू झालेली ॲनी पारितोषिके ही त्यांचीच कल्पना. 2012 साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांना स्वतःला एमी पारितोषिक मिळाले. 2017 साली, शंभरीला थोडेच दिवस उरले असता, त्या निवर्तल्या.

आमच्या घरी कार्टून संपले, की मुले फराळाच्या ताटाकडे धावतात. मी त्यांना म्हणतो, ‘अरे, जरा थांबा! नावे वाचू द्या.’ एखादे शोधूनही सापडत नाही, तेव्हा चकली हातातच राहते.