गायनमंडळात जिला जागा मिळाली नाही

एला फिट्झजेराल्ड हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जाझ गायनाची सम्राज्ञी म्हणून तिचे जगभर नाव झाले. परंतु मला तिच्या वैभवापेक्षा त्याआधीची काही वर्षे अधिक विचार करावयास लावतात. सारा जन्म रुग्णालयात नोकरी केल्यामुळे असेल, पण माणूस कोणत्या अवस्थेत आला आणि त्याला जवळ कोणी केले, याकडे माझे लक्ष आधी जाते.

एलाचा जन्म २५ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, न्यूपोर्ट न्यूज या शहरी झाला. पुढे आई तिला घेऊन न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथे राहावयास गेली. १९३२ साली आई वारली आणि एला हार्लेममध्ये मावशीकडे आली. तिचे शाळेतून लक्ष उडाले, संगत बिघडली. १९३३ साली तिला हडसन येथील मुलींच्या सरकारी सुधारगृहात धाडण्यात आले. तेथे काळ्या मुलींना वेगळ्या, दाटीवाटीच्या घरांत ठेवीत. १९९६ साली एलाच्या निधनानंतर वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, की त्या संस्थेचे गायनमंडळ केवळ गोऱ्या मुलींचे होते. ज्या गळ्याने पुढे जग जिंकले, त्याला तेथे जागा नव्हती!

सुधारगृहातून बाहेर पडल्यावर तिला धड घर राहिले नाही. अशा स्थितीत २१ नोव्हेंबर १९३४ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, ती हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या स्पर्धेत उतरली. बेत नाचण्याचा होता. पण तिच्याआधी एडवर्ड्स भगिनींनी इतका सुरेख नाच केला, की हिने आयत्या वेळी गाणे म्हटले. कॉनी बॉसवेल या गायिकेची ढब तिने ऐकून ऐकून उचलली होती. पहिले बक्षीस २५ डॉलर तिला मिळाले. मात्र तिचा गबाळा वेष पाहून विजेत्याला मिळावयाचे आठवड्याचे काम तिला देण्यात आले नाही.

१९३५ साली तिची गाठ चिक वेब या वादकाशी पडली. वेबला लहानपणीच मणक्याचा क्षय झाला होता. पाठीला कुबड, उंची जेमतेम चार फुटांच्या आसपास, सतत वेदना. तरीही सॅव्हॉय बॉलरूममध्ये ड्रम वाजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हा आजार काय असतो हे मी वॉर्डात पाहिले आहे, म्हणून मला त्याचे अधिकच नवल वाटते. वेबलाही प्रथम ही मुलगी पसंत पडली नाही. पण येल विद्यापीठातील एका नृत्याच्या कार्यक्रमात त्याने तिला गाऊ दिले, श्रोते खूष झाले आणि त्याने तिला ठेवून घेतले. त्याने तिला कायदेशीर दत्तक घेतले असे पुष्कळदा छापले गेले. ते खरे नाही. त्याने तिला काम दिले, आणि तिला गरज त्याचीच होती.

त्याच वर्षी तिची पहिली तबकडी निघाली. २ मे १९३८ रोजी ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ ध्वनिमुद्रित झाले. मुलांच्या जुन्या बडबडगीताला तिने व्हॅन अलेक्झांडर या संगीत संयोजकाच्या मदतीने नाचाचा ठेका दिला होता. त्या गाण्याने ती अमेरिकेत घरोघरी पोहोचली.

१६ जून १९३९ रोजी बाल्टिमोर येथे वेबचे निधन झाले. अंत्यविधीला एला गायली. पुढे तो वाद्यवृंद तिच्याच नावाने चालू राहिला; तेव्हा तिचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. १९४२ साली तिने स्वतंत्र गायिका म्हणून वाट धरली.

तिचा आवाज सुधारगृहातही होता, अपोलोतही होता. एके ठिकाणी तिचा रंग पाहिला गेला, दुसरीकडे कपडे. वेबनेही प्रथम रूपच पाहिले, पण मग तिला गाऊ दिले आणि ऐकले. आपल्या दाराशी मळक्या कपड्यांत एखादे पोर उभे राहिले, तर आपण एवढे तरी करावे.