चिंबोराझो : केंद्रापासून सर्वांत दूरचे शिखर

जगातील सर्वोच्च शिखर कोणते, या प्रश्नाला शाळकरी मूलही एव्हरेस्ट असेच उत्तर देईल. मात्र उंची समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजली, तर हा मान इक्वाडोरमधील चिंबोराझो शिखराकडे जातो. अँडीज पर्वतरांगेतील हा ज्वालामुखी ६,२६३ मीटर उंच आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने तेथील त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने अधिक भरते. चिंबोराझो विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दक्षिणेस आहे. त्यामुळे त्याचा माथा एव्हरेस्टपेक्षा केंद्रापासून सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हाच जगातील सर्वांत उंच पर्वत समजला जाई. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये येथे चढाई केली. शिखर त्यांच्या हाती लागले नाही. परंतु उंचीनुसार वनस्पती कशा बदलतात, हे दाखवणारे त्यांचे चित्र वनस्पती-भूगोलात पायाभूत मानले जाते. ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर यांनी १८८० मध्ये दोघा इटालियन वाटाड्यांसह माथा गाठला.

पायथ्याच्या गावांत पुरुहा हा मूलनिवासी समाज राहतो. त्यांच्या किचवा भाषेत चिंबोराझो हा ‘ताइता’, म्हणजे पिता आहे. बटाटा व बार्लीची शेती आणि मेंढीपालन हे त्यांचे जुने व्यवसाय. गावांच्या वर ‘पारामो’ हा थंड, दमट गवताळ पट्टा आहे. तेथील माती स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवते. १९८७ मध्ये या परिसरास अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी पेरू व चिली येथून विकुन्या हे उंटाच्या कुळातील प्राणी आणून सोडण्यात आले.

पर्वताच्या उतारावरील बर्फ कुदळीने फोडायचा, पारामोच्या गवतात गुंडाळायचा आणि गाढवांवर लादून रिओबांबाच्या बाजारात सरबतांसाठी विकायचा, हा येथील पिढीजात व्यवसाय होता. कारखान्यांतील बर्फ स्वस्त झाला आणि तो मागे पडला. ‘अखेरचा बर्फविक्रेता’ म्हणून ओळखले गेलेले बाल्तासार उश्का यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

तापमानवाढीमुळे आता पर्वतावरील हिमनद्याही आक्रसत आहेत. उंचीचा विक्रम चिंबोराझोकडे कायम राहील; पायथ्याच्या शेतकऱ्यांपुढील प्रश्न मात्र पाण्याचा आहे. हिमनद्या ओसरत असताना, पाणी साठवणारा पारामो नांगर आणि अतिचराई यांपासून किती जपला जातो, यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून राहील.